पिशवीत असेल ते

सातारच्या आमच्या वाड्यात पुस्तकं सायकलवरून यायची. हँडलला दोन्हीकडे जाड कॅनव्हासच्या पिशव्या, मागे कॅरियरला मासिकांचा गठ्ठा आणि सायकल हाताने ढकलत येणारे वाचनालयवाले काका. १९८०च्या आगेमागेची ही गोष्ट. दुपारची झाकपाक आटोपून बायका जरा कुठे टेकल्या की बोळात घंटी वाजायची. पिशव्या ओट्यावर उपड्या व्हायच्या आणि सगळी बिऱ्हाडं त्या ढिगाभोवती कोंडाळं करायची. महिन्याच्या वर्गणीत एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, दिवसाआड बदलून. काकांचं गावात दुकानही होतं, जिन्याखालच्या खोलीतलं. पण वाड्यातल्या बायकांनी तिथवर जायची पद्धत नव्हती. त्यांच्यापुरतं मराठी साहित्य म्हणजे त्या दिवशी पिशवीत असेल ते.

पिशवीतली सगळी पुस्तकं दिसायला सारखीच. मूळ मुखपृष्ठ आत कुठेतरी दडलेलं, वरून खाकी पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. योगिनी जोगळेकर आणि बाबूराव अर्नाळकर शेजारी शेजारी पडलेले असले तरी उघडल्याशिवाय कोण कुठलं ते कळत नसे. आता दुकानात पाऊल टाकताच रंगावरून ओळखता येतं. काळं-लाल म्हणजे भय, भगवं-सोनेरी म्हणजे इतिहास, आणि नावापेक्षा मथळा मोठा असेल तर श्रीमंत कसं व्हावं. तेव्हा पहिली दोन पानं उभ्या उभ्या वाचून निर्णय घ्यावा लागे, तोही झटपट, कारण शेजारच्या काकूंचा हात त्याच पुस्तकावर असायचा.

प्रत्येकाची आवड काकांना पाठ होती. आईला सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे. माडीवरच्या आजींना पुराणातल्या कथा. कोर्टातून निवृत्त झालेले अण्णा सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणत आणि दुपारी भिंतीला टेकून झुंझार नाहीतर काळा पहाड वाचत. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे, वाड्यालाही वाटत नसे. पुस्तक आपण आधी वाचलं आहे का, हे ओळखायची प्रत्येकाची खूण वेगळी. आई एकविसाव्या पानावरच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. अण्णा शेवटच्या पानावर 'वा.' लिहायचे. कुणाची फुली, कुणाचा चांद. एखादं जुनं पुस्तक हाती आलं की पानापानांवर अख्ख्या पेठेच्या खुणा सापडत, आणि ज्या पुस्तकावर खुणांची दाटी असेल ते घ्यायला हरकत नाही असा हिशेब असे. समासात शेरेही असत. 'बकवास.' 'नायिका मूर्ख आहे.' रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी नतद्रष्टाने लिहिलेलं असायचं, 'खुनी डॉक्टर.' तो डॉक्टर कधी खुनी असे, कधी नसे. त्यामुळे उत्कंठा जायची नाही, उलट दुप्पट व्हायची. खरा घोटाळा शेवटचा फर्मा सुटून पडलेला असला की व्हायचा. मग वाड्यात चर्चा करून शेवट आपणच ठरवायचा.

माझ्या वाट्याला आईच्या नावावरचं पुस्तक यायचं, तिचं वाचून झाल्यावर किंवा ती स्वयंपाकात असताना. पिशवीत तिच्या आवडीचं काही उरलेलं नसलं तरी ती रिकाम्या हाताने आत येत नसे. वर्गणी दिली आहे, तर काहीतरी घ्यायचंच. या एका काटकसरीपायी आमच्या घरात काय काय येऊन गेलं! शिकारकथा आल्या, हस्तसामुद्रिक आलं, चंबळच्या डाकूंच्या हकिकती आल्या, कुणा परदेशी दर्यावर्दीचं चरित्र आलं. एकदा मधुमक्षिकापालनावरचं पुस्तक आलं आणि आमच्याकडे माशी एकच, तीही घरातली, असं म्हणून बाबा दोन दिवस हसत होते. पण मी ते वाचलं. दुसरं काही नव्हतंच.

मला वाटतं, आमच्या पिढीच्या वाचनात जी सरमिसळ दिसते तिचं मूळ चोखंदळपणात नाही, या अडचणीत आहे. आम्ही काही फार उदार मनाने सगळे प्रकार वाचत होतो असं नाही. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असायचं म्हणून नको ते आणायचो, आणि त्यातलं निम्मं आवडून जायचं.

या आठवणींना साखर लावताना आम्ही एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. काकांच्या दुकानात एक आतली फळी होती. तिथली पुस्तकं पिशवीत येत नसत. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या त्या फळीवर होत्या. मी दहावीत असताना मोठ्या भावाबरोबर दुकानात गेले, तेव्हा त्याला ती फळी मोकळी आणि मला मात्र 'ताई, तुझ्यासाठी इकडे आहेत हो छान छान.' पुढे कॉलेजात कळलं की काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर चक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. १९६२ सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात ती छापून आली, उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवून लेखकाला दोषी धरलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने मोकळीक दिल्यावर दहा-पंधरा वर्षांनीही आमच्या पेठेत ती मिळाली नव्हती. आजची मुलगी फोनवर काय वाचते ते कुठल्याच काकांना कळत नाही. या एका गोष्टीसाठी मी 'आता'च्या बाजूने हात वर करते, आणि तो खाली घेणार नाही.

सार्वजनिक वाचनालयाचा मामला वेगळा. तिथे दबून बोलायचं. कपाटं आत, वाचक बाहेर, मध्ये काउंटर. यादीतून दाखल क्रमांक शोधायचे, चिठ्ठीवर पाच-सहा उतरवायचे आणि चिठ्ठी आत द्यायची. शिपाई जाऊन यायचा आणि त्यातलं जे जागेवर असेल ते समोर ठेवायचा. सहावा क्रमांक आपण नुसता चिठ्ठी भरायची म्हणून टाकलेला असायचा, आणि नेमकं तेच यायचं. याद्यांचे विभाग ठरलेले: कादंबरी, कथा, नाटक, काव्य, चरित्र, निबंध, प्रवास. सगळ्यात शेवटी संकीर्ण. ज्याचं काय करायचं ते ग्रंथपालांना समजलं नाही ते सगळं या संकीर्णमध्ये. विहिरीचं पाणी कसं शोधावं, पत्त्यांचे डाव, विणकाम, भुतांचे अनुभव, घड्याळदुरुस्ती. वशिल्याने मला एकदा आत जायला मिळालं तर मी थेट त्या कपाटापाशी गेले आणि काउंटरवरून हाक येईपर्यंत बाहेर आले नाही.

आपल्याकडे या वाचनालयांची परंपरा मोठी. रत्नागिरीचं १८२८ सालचं, पुण्याचं १८४८चं. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अ-ब-क-ड वर्ग पडले, वर्गाप्रमाणे अनुदान आलं आणि त्या अनुदानातून खरेदीही. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती, आणि त्यातला मोठा वाटा वाचनालयांचा, हे गणित प्रकाशनाच्या धंद्यातला कुणीही सांगेल. घराघरात पुस्तक विकत घेतलं जात होतं आणि आता घेत नाहीत, हा समज खोटा. आमच्या वाड्यात विकत घेतलेली पुस्तकं म्हणजे ज्ञानेश्वरी, दाते पंचांग, 'रुचिरा' आणि बक्षिसात मिळालेली 'श्यामची आई', ती मात्र तीन-चार प्रतींत.

सायकलवाल्या काकांसारखी खाजगी वाचनालयं मात्र अनुदानावर नव्हती. ती चालायची ती रोज कोण काय मागतो त्याच्यावर, आणि मागणी होती पटापट वाचून होणाऱ्या पुस्तकांना. मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. हल्ली या विषयावर लिहिणारे सगळे जण वाचनालयाच्या वासाबद्दल हळवे होतात. वास गेला त्याचं मला काही वाटत नाही, त्या धुळीने मला दमा लागला असता. गेले ते लेखक. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मूळ गोव्याचे गुरुनाथ नाईक तेही हजाराच्या पुढे. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन यांना माझ्या भावाच्या वर्गात खरीखुरी माणसं असल्यासारखे चाहते होते. नारायण धारपांचा समर्थ वाचल्यावर आमच्या वाड्यातलं मागचं संडास रात्री कुणी एकट्याने वापरत नसे. ही माणसं पानामागून पान लिहीत होती, कारण गावोगावच्या खोल्यांतून आणि सायकलींवरून दर महिन्याला नव्या मालाची मागणी येत होती. समीक्षकांनी त्यांना साहित्यात धरलं नाही. वाचनालयवाल्यांनी धरलं, आणि त्यांच्यासाठी ते पुरेसं होतं.

त्यांचं सगळं अस्सल होतं असं मुळीच नाही. धारपांची 'लुचाई' मी रात्री पांघरुणात बॅटरी लावून वाचली. ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे हे मला पंचवीस वर्षांनी इंटरनेटवर कळलं. राग नाही आला, हसूच आलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक गाव कुणीतरी मराठीत आणलं होतं आणि सातारच्या मुलीला ते इतकं इथलं वाटलं होतं की तिने शेजारच्या बंद वाड्याकडे बघणं सोडून दिलं. आता किंग मुळातून मिळतो, एका बोटाच्या अंतरावर. पण तो वाचून मला त्या बंद वाड्याची भीती वाटत नाही.

विज्ञानकथेची गंमत आणखी वेगळी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिला मिळालं आणि मग समजलं की नावाची आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे हे गृहस्थ म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. केंब्रिजहून परतलेला खगोलशास्त्रज्ञ मराठी गोष्ट लिहितो आणि नाव लपवून स्पर्धेला पाठवतो! आमच्याकडे 'यक्षांची देणगी' आली ती पिशवीतून नाही, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून. 'वाचून परत द्या, डाग पाडू नका' असं बजावून. तेच नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तब्येतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही, पण ज्या प्रकाराला यादीत धड खाना नव्हता त्याला शेवटी व्यासपीठ मिळालं. आपल्याकडे प्रकाराला मान मिळायला असा एक तरी मोठा माणूस त्याच्या मागे उभा राहावा लागतो. रहस्यकथेला तो मिळाला नाही.

नवीन काय आलं हे कळायची वाट मात्र फार लांबची होती. पुण्या-मुंबईच्या लोकांना दुकानं होती. दादरचं आयडियल, अप्पा बळवंत चौक, फाउंटनच्या पदपथावरचे ढीग, जे २००५ साली महापालिकेने उठवले. आम्हाला होतं 'ललित'. केशवराव कोठावळ्यांनी १९६४च्या जानेवारीत सुरू केलेलं हे मासिक पुस्तकांबद्दलचंच. बाबांचे एक प्राध्यापक मित्र ते घ्यायचे आणि शिळं झाल्यावर आमच्याकडे पाठवायचे. त्यात ठणठणपाळ या नावाने जयवंत दळवी साहित्यिकांची टोपी उडवत, ते आधी वाचायचं. मग जाहिराती. जाहिराती मी परीक्षणांपेक्षा जास्त मन लावून वाचत असे. प्रकाशनपूर्व सवलत, मनीऑर्डर अमुक तारखेच्या आत, टपालखर्च वेगळा. व्ही.पी. आली की पोस्टमन दारात उभा आणि आई डब्यातून पैसे मोजतेय, हे वर्षातून एखाद्या वेळीच. त्या पुस्तकाला मग घरात पाहुण्यासारखा मान असे.

ग्रंथालीची चळवळ आमच्यापर्यंत पोचली ती याच वाटेने. सभासद व्हा, कमी किमतीत पुस्तक मिळवा. १९७८ला दया पवारांचं 'बलुतं', १९८०ला लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. 'उपरा' आमच्या जिल्ह्यातलं, फलटणकडचं. त्यातले रस्ते, एसटीचे फाटे, गावांची नावं आमच्या ओळखीची. कैकाड्यांची पालं तर आम्ही येता-जाता बघत होतो, कणगी आणि पाट्या विकत घेत होतो. क्षेत्रमाडे आणि राजे वाचणाऱ्या माझ्या आईने ते दोन रात्रींत संपवलं आणि पुढच्या बाजारी पाटी घेताना घासाघीस केली नाही. मग ते पुस्तक वाड्यात फिरलं. माडीवरच्या आजींनी अर्ध्यात ठेवलं. अण्णांनी वाचून काही न बोलता परत दिलं, शेवटच्या पानावर 'वा.' होतं. एवढ्या छोट्या जागेत आत्मकथनाचा एक नवा प्रकार असा शिरला. पुढे राजहंसचं 'एक होता कार्व्हर' याच पद्धतीने पसरलं, या हातातून त्या हातात, शाळांच्या बक्षिसांतून. वीणा गवाणकरांचं ते पुस्तक १९८१चं आणि अजून खपतं.

मग टीव्हीने सायकल थांबवली. आधी शेजारच्या घरात, १९८७ला 'रामायण' लागेपर्यंत बहुतेक घरांत, आणि केबल आल्यावर दुपारच्याही मालिका. बायका टेकण्याची वेळ तीच, पण नजर आता दुसरीकडे. काकांनी काही दिवस पुस्तकांबरोबर व्हिडिओ कॅसेटीही भाड्याने दिल्या, मग पुस्तकं कमी झाली आणि कॅसेटी वाढल्या, मग तेही गेलं. खाकी बांधणीतले अर्नाळकर किलोवर रद्दीत गेले. मागणी संपली तसं त्या वेगाने लिहिणंही संपलं. आता मराठीत दर महिन्याला नवी हेरकथा लिहून पोट भरणारा लेखक मला दाखवा.

आज पुस्तक सापडायला काय लागतं? काहीच नाही. माझी भाची पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, कंपनीच्या बसमध्ये कानात इयरफोन घालून. स्टोरीटेल २०१७मध्ये भारतात आलं आणि त्यावर मराठी भरपूर आहे. तिने धारप वाचले नाहीत, ऐकले. त्याआधी २०१८चा 'तुंबाड' पाहिला, त्याच्या मुळाशी धारपांची कथा आहे असं कुठेतरी वाचलं आणि शोधत गेली. तिच्या मैत्रिणी 'दुनियादारी'कडे २०१३च्या सिनेमामुळे वळल्या, आणि २०२५ साली 'छावा' पडद्यावर आला तेव्हा शिवाजी सावंतांची १९७९ची कादंबरी पुन्हा पहिल्या टेबलावर आली. आमच्या वेळी कादंबरी गाजली की तिच्यावर सिनेमा निघायचा. आता सिनेमा गाजला की कादंबरी निघते. यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही. कुठल्याही दारातून या, आत या.

किंडलवर २०१६च्या अखेरीस मराठी आलं. बुकगंगावर मागवलं की सातारला पुस्तक घरपोच, आणि न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावालाही. पूर्वी तो येणार म्हटलं की त्याच्या परतीच्या बॅगेत लाडू आणि लोणच्याच्या मधून पु.लं.ची पुस्तकं सरकवायची आणि काट्यावर वजन जास्त भरलं की आधी पुस्तकं बाहेर काढायची. आता त्याला माझ्याआधी नवं पुस्तक मिळतं. विकत घेण्याआधी पहिली काही पानं फुकट वाचायला मिळतात, ही सोय तर मला ओट्यावर उभं राहून दोन पानं वाचण्याच्याच जातीची वाटते, फक्त काकूंचा हात नाही.

फिर्याद आहे ती शिफारशींबद्दल. पुतण्याच्या मुंजीत कुणाला तरी द्यायचं म्हणून मी ऑनलाइन 'रिच डॅड पुअर डॅड'चा मराठी अनुवाद मागवला. तेव्हापासून माझा फोन मला श्रीमंत करायच्या मागे लागला आहे. सकाळी पाचला उठा, मन काबूत ठेवा, पैसा कामाला लावा. एकदा विणकामाचं पुस्तक बघितलं तर आठवडाभर विणकाम. जे घेतलं त्याच्यासारखंच अजून घ्या, त्याच्यासारखंच, त्याच्यासारखंच. काकांना आईची आवड पाठ होती, पण पिशवीत आईच्या आवडीचं संपलं की ते खुशाल म्हणायचे, 'वहिनी, ही मधमाश्यांची न्या, बरी आहे.' फोन असं म्हणत नाही, कारण त्याच्या पिशवीत काही संपतच नाही. आणि 'वाचायलाच हवीत अशी पाच पुस्तकं' सांगणारी जी तरुण मंडळी रीलमध्ये दिसतात त्यांची पाच पुस्तकं एकमेकांच्या पाचांशी इतकी जुळतात की मला आमच्या वाड्यातल्या 'श्यामच्या आई'च्या प्रतींची आठवण होते.

भाचीला मी भिलारला घेऊन गेले. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणारं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ला 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला पंचवीसेक ठिकाणी मिळून पंधरा हजारांवर पुस्तकं ठेवली, घरांत, देवळात, शाळेत. वेल्समधल्या हे-ऑन-वायची प्रेरणा आहे म्हणतात, पण तिथे जुनी पुस्तकं विकतात, इथे विकत नाहीत, बसून वाचायची. आणि इथे प्रत्येक घराला एक प्रकार वाटून दिलेला आहे. एका घरी कादंबऱ्या, एका घरी कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रं. घराच्या भिंतीवर त्या प्रकाराचं चित्र. तुम्ही लोकांच्या पडवीत बसता, घरातली माणसं आपापली कामं करत असतात, मागून कुकरच्या शिट्ट्या येतात.

कल्पना सुरेख आहे, माणसं अगत्याची आहेत. तरी एक खोडी काढतेच. प्रकारवार घरं केल्यामुळे ज्याला कविता नको तो कवितेच्या घराकडे फिरकणारच नाही. भाची सरळ कादंबरीच्या घरी गेली आणि ठाण मांडून बसली. मी तिला उठवायला गेले तेव्हा पाऊस सुरू झाला, आम्ही पळत समोर दिसेल त्या ओसरीवर शिरलो, ते घर निघालं दुसऱ्याच प्रकाराचं. पाऊस तासभर हलेना. तिने नाइलाजाने एक चरित्र उघडलं, मग मला म्हणाली, 'आत्या, तू जा, मी मागून येते.' मी गेले नाही, कारण मलाही एक सापडलं होतं.

परतीच्या वाटेवर तिने विचारलेला प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. 'धारप संपले. आता त्यांच्यासारखं आत्ताचं कोण?' मी दोन-तीन नावं सांगितली. चांगली नावं आहेत, पण एकेकाची पुस्तकं मोजकी. पंधरवड्यात ती वाचून होतील आणि ती पुन्हा इंग्रजीकडे जाईल, जिथे त्या प्रकाराचं शेल्फ संपत नाही. तिला शोधायच्या हजार वाटा आहेत आणि वाटेच्या टोकाला माल थोडा. आम्हाला वाट एकच होती, बोळातली, आणि माल ओसंडून. ऐकायच्या पुस्तकांनी आता थेट आवाजासाठी मालिका लिहून घ्यायला सुरुवात केली आहे, भागांमागून भाग, पुढे काय होणार ते टांगून ठेवणाऱ्या. त्यात थरार आहे, भय आहे, हेर आहेत. साहित्य म्हणून त्यांना कुणी धरत नाही. मला त्यावरूनच जरा आशा वाटते.

दिवाळी अंकांपुरतं मात्र आमच्याकडे जुनं चालू आहे. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला तेव्हापासून मराठी माणसाला एका पुड्यात सगळे प्रकार बांधून मिळण्याची सवय आहे: कथा, कविता, प्रवास, व्यंगचित्रं आणि शेवटी वार्षिक राशिभविष्य. आमच्या सोसायटीत आम्ही अंकांची भिशी लावतो. प्रत्येक घराने एक अंक घ्यायचा, आठ दिवसांनी शेजारी सरकवायचा, डिसेंबरअखेर सगळ्यांचे सगळे वाचून व्हावेत. कुणी 'मौज' घेतं, कुणी 'धनंजय', कुणी नुसता पाककृतींचा. आपल्याला नको असलेलाही आठ दिवस घरात राहतोच आणि मग चाळला जातो. भाचीही यंदा सामील झाली आहे, शनिवार-रविवारी येते तेव्हा जो असेल तो उचलते. 'आवाज' दर वर्षी कुठल्यातरी घरात अडकतो आणि परत येतो तेव्हा त्याच्या खिडकीचित्रांच्या झडपा फाटलेल्या असतात. या वर्षी तर दुसऱ्या एका अंकातलं कन्या राशीचं पानच कुणीतरी कापून नेलं आहे. सोसायटीत कन्या राशीच्या चौघी आहेत आणि चौघी एकमेकींकडे बोट दाखवताहेत.